‘हो’ म्हणून टाकलं की जातं?

(वांगणी येथे स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यातल्याच एकीनं मला विचारलं, “ताई, हा विषय आपला कसा? कॉम्प्युटरवर नको ते मेसेज येतात, तर मेकॅनिकला बोलवावं. त्यासाठी बायकांची बैठक कशाला?” प्रश्न रास्त आहे. व्याख्या सांगत बसण्यापेक्षा एका घरातली हकीगत सांगून त्याचं उत्तर देते.

इथून पुढच्याच स्टेशनावरचं, बदलापूरचं घर. दोन खोल्या, त्यात एक जुना कॉम्प्युटर. आई त्यावर घरबसल्या टायपिंगची कामं करते, मुलगी कॉलेजचा अभ्यास करते, वडील आणि भाऊ येताजाता वापरतात. एका संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. अर्धउघड्या बाईचं चित्र आणि खाली घाणेरडी ओळ. मुलगी अभ्यासाचं काहीतरी वाचत होती. तिनं घाईघाईनं चौकट बंद केली. पाच मिनिटांनी दुसरी आली. पाहुणे गेल्यावर घरात एकच प्रश्न होता, “ही पोरगी बघते तरी काय?” वडिलांनी वायर काढून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. तोवर मुलीचं बोलणं बंद झालं होतं आणि आईचं टायपिंगचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं होतं. आम्ही वायर मागून घेतली, कॉम्प्युटर सुरू केला आणि सगळ्यांना समोर बसवून एक यादी उघडली. तुम्हाला ‘निरोप पाठवू का’ असं कोणकोणत्या वेबसाइटनं विचारलं आणि या घरातून कुणाकुणाला ‘हो’ मिळालं, याची ती यादी. ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो त्या प्रोग्रॅममध्ये, ती कायम असते. यादीत चार नावं होती. त्यातलं एक परीक्षेचे निकाल दाखवतो म्हणणाऱ्या साइटचं. वडिलांना आठवलं. निकालाच्या दिवशी खरी साइट उघडत नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी शोधली. तिथं लिहिलं होतं, ‘तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा.’ ते म्हणाले, “मीच दाबलं. दाबल्याशिवाय पुढं जाईना.”

दाबलं वडिलांनी, शिक्षा मुलीला. आणि ते दोघी-तिघींच्या रोजगारावर आणि अभ्यासावर आलं. म्हणून हा विषय आपला आहे.

हे ‘दाबल्याशिवाय पुढं जाईना’ आपल्याला नवं नाही. कटकट नको म्हणून हो म्हणणं, घरात वाद नको म्हणून हो म्हणणं, समोरचा एकदाचा जावा म्हणून हो म्हणणं, यात आपल्याला लहानपणापासून तरबेज केलेलं असतं. मथुरेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिनं प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, असं म्हणून पोलिसांना सोडलं. त्यावर १९८० साली या देशातल्या बायका रस्त्यावर आल्या. दबून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे तेव्हा आपण जोरात सांगितलं आणि १९८३ साली कायदा बदलायला लावला. त्या अत्याचाराची तुलना मी पडद्यावरच्या चौकटीशी करत नाही, तसं कुणी समजू नये. पण संमती म्हणजे काय, हा प्रश्न आपल्या चळवळीचा आहे, आणि तो आता घरातल्या टेबलावर येऊन बसला आहे. दमून दाबलेलं बटण ही संमती नव्हे. फरक एवढाच, की इथं दिलेलं ‘हो’ आपण कधीही परत घेऊ शकतो. कसं घ्यायचं ते आज शिकायचं आहे.

आधी ही चौकट आली कुठून ते थोडक्यात सांगते, कारण ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत ट्रायपॉड नावाची एक वेबसाइट होती. लोक तिथं फुकट आपली पानं तयार करायचे, आणि त्या पानांवरच्या जाहिरातींवर कंपनीचा खर्च निघायचा. एका मोठ्या मोटार कंपनीला दिसलं, की आपली जाहिरात एका अश्लील पानावर झळकते आहे. कंपनी बिथरली. मग ट्रायपॉडमधल्या ईथन झुकरमन यांनी तोडगा काढला. जाहिरात त्या पानावर नको, वेगळ्या खिडकीत उघडू दे, म्हणजे कंपनीचं नाव त्या पानाशी जोडलं जाणार नाही. हीच पॉपअप खिडकी. २०१४ साली झुकरमन यांनी एका लेखात त्याबद्दल जाहीर माफी मागितली. बघा, मोटार कंपनीची अब्रू सांभाळायला निघालेली ही युक्ती, आज आपल्या घरातल्या मुलींची अब्रू काढते आहे.

तीन तऱ्हा, तीन उपाय

नको असलेले हे निरोप तीन वाटांनी येतात. कोणत्या वाटेनं आले हे ओळखलं, की उपाय सोपा आहे.

पहिली वाट म्हणजे वेबसाइटनं स्वतःच उघडलेली खिडकी. तुम्ही एका पानावर गेलात आणि दुसरंच पान उघडलं. आजचे बहुतेक ब्राउझर अशा खिडक्या आपण होऊन अडवतात, तरी काही निसटतात. त्या बंद करायच्या, आणि खिडकीच्या आतलं काहीही दाबायचं नाही. आतली फुली पुष्कळदा नुसतं चित्र असतं. ‘बंद करा’ असं लिहिलेलं बटणही जाहिरातच उघडतं. म्हणून माउस सोडा आणि कीबोर्ड धरा. कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबलं की समोरचं पान बंद होतं. ऑल्ट आणि एफ-४ दाबलं की अख्खी खिडकी बंद होते.

दुसरी वाट म्हणजे आपण दिलेली परवानगी. त्या बदलापूरच्या घरात झालं ते हेच. चौकट खालच्या कोपऱ्यात येते, तुम्ही ती साइट उघडलेली नसताना येते, आणि तिच्यावर बारीक अक्षरात ब्राउझरचं आणि साइटचं नाव असतं. उपाय लिहून घ्या. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन टिंबं आहेत, तिथून सेटिंग्ज. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीचं आणि हवं असलेलं नाव ठेवा, बाकीची काढून टाका किंवा अडवा. त्याच पानावर वरती ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडा. मग पुन्हा कुणी विचारायलाच येणार नाही. एज आणि फायरफॉक्समध्येही ही यादी सेटिंग्जमध्येच आहे, शोधायच्या चौकटीत ‘नोटिफिकेशन’ असं टाकलं की सापडते. आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाइल आहे, त्यांनी पेन खाली ठेवू नये. मोबाइलच्या क्रोममध्येही साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स असतात, आणि तिथली यादी तर बहुतेक वेळा आणखी लांब निघते.

तिसरी वाट म्हणजे कॉम्प्युटरच्या आत शिरून बसलेला प्रोग्रॅम. ब्राउझर पूर्ण बंद असतानाही जाहिराती येतात, पहिलं पान आपोआप बदलतं, शोधायला गेलं की भलतीकडेच नेतं, ही त्याची लक्षणं. हा बहुतेक वेळा फुकटच्या मालाबरोबर येतो. एखादा महाग प्रोग्रॅम कुलूप तोडून कुणीतरी पेनड्राइव्हवर आणून देतो, चोरलेला सिनेमा उतरवताना एक जादा फाइल येते, किंवा ‘व्हिडिओ बघायला हे टाका’ असं सांगितलं जातं. इथं दोन ठिकाणी बघायचं. एक, ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्सची यादी. दोन, विंडोजच्या सेटिंग्जमधली बसवलेल्या अ‍ॅप्सची यादी. जे नाव आपण कधी बसवलं नाही त्याची चौकशी करून ते काढून टाकायचं. मग विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण तपासणी लावायची. हा विषाणू शोधणारा प्रोग्रॅम, डिफेंडर, विंडोजमध्ये आधीपासून असतो आणि फुकट असतो. मेकॅनिकनं दरवर्षी पैसे घेऊन दुसरा टाकलाच पाहिजे असं नाही. टायपिंगची कामं करणाऱ्यांनी तर चोरीच्या सॉफ्टवेअरचा मोह सोडावाच. लिबर ऑफिस फुकट आहे, मराठी युनिकोड टायपिंगची सोय विंडोजमध्येच आहे, मुक्त वापराचे देखणे देवनागरी फाँटही मिळतात.

भीतीची खिडकी

आता एक वेगळी खिडकी सांगते. तिच्यात बाईचं चित्र नसतं, कंपनीचं बोधचिन्ह असतं. पडदा पूर्ण भरतो, भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विषाणू शिरला आहे, तुमची बँकेची माहिती चोरीला जाते आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ घरात एकटी असलेली बाई यानं गडबडते. ती फोन करते. पलीकडचा माणूस गोड बोलतो, कॉम्प्युटर लांबून बघायला एक प्रोग्रॅम बसवायला सांगतो. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे हे प्रोग्रॅम मुळात चांगल्या कामासाठीच आहेत, पण एकदा ते बसवून आतला आकडा त्याला सांगितला, की आपल्या घराची किल्ली त्याच्या हातात जाते. मग तो दुरुस्तीचे पैसे मागतो किंवा बँकेचं खातं उघडायला लावतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मायक्रोसॉफ्ट आपल्या धोक्याच्या सूचनेत कधीही फोन नंबर देत नाही. नंबर दिसला की ती खिडकी खोटी. पडदा भरला असेल तर एस्केप बटण दाबून धरा. नाही गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. तेही जमलं नाही तर सरळ कॉम्प्युटर बंद करा. ‘बंद करू नका’ असं ज्या अर्थी ते ओरडून सांगतात, त्या अर्थी बंद केल्यानं आपलं नाही, त्यांचंच नुकसान आहे. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘जुनी पानं परत उघडू का’ असं विचारेल. तिथंही ‘नको’.

पलीकडे बोलणारा कोण असतो? २०१६ च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक कर्मचारी ताब्यात घेतले गेले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आम्ही कर खात्यातून बोलतो, पैसे भरा नाहीतर अटक होईल, असं धमकावलं जात होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात सीबीआयनं अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून देशात अनेक ठिकाणी छापे घातले. तिथं कंपनीचे मदतनीस असल्याचं भासवून परदेशातल्या लोकांना गंडवणं चाललं होतं. हा धंदा आपल्या जिल्ह्यात चाललेला आहे. त्यात कागदावर लिहून दिलेली वाक्यं वाचून दाखवायला बसवलेली तरुण मुलं असतात. कुणाच्या घरातला मुलगा किंवा मुलगी ‘कॉल सेंटरची नोकरी, चांगला पगार, काम काय ते नंतर सांगू’ म्हणून गेली असेल, तर आईनं चौकशी करावी. फसणारी बाजू आपली आहे, तशी कधीकधी फसवायला लावलेली बाजूही आपलीच असते.

पडदा ऐकणाऱ्या मैत्रिणी

वांगणीत हा विषय बोलताना एक गोष्ट राहून चालणार नाही. आपल्या या गावात अंध आणि अल्पदृष्टी माणसांची शेकडो घरं आहेत. भाडं परवडतं आणि स्टेशन जवळ आहे म्हणून लोक इथं आले, आणि लोकलमध्ये किरकोळ वस्तू विकून संसार उभे केले. २०२० मध्ये लोकल बंद झाली, तेव्हा हा रोजगार एका दिवसात थांबला. बाहेरच्या जगाला वांगणीचं नाव कळलं ते १७ एप्रिल २०२१ ला, जेव्हा पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन रुळावर पडलेल्या मुलाला गाडीपुढून उचललं. त्याची आई अंध होती. शेळक्यांचं धैर्य मोठंच होतं, त्यांनी बक्षिसातली निम्मी रक्कमही त्या मुलासाठी दिली. पण बातम्यांनी आपल्या अंध मैत्रिणींना फक्त ‘बिचारी आई’ एवढंच करून टाकलं. त्यांच्यातल्या कितीजणी मोबाइल आणि कॉम्प्युटर सफाईनं वापरतात, हे कुणी लिहिलं नाही.

त्या वापरतात स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. एनव्हीडीए हा त्यातला एक, पूर्ण फुकट. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून तो बनवायला घेतला. तो मराठीही वाचतो. आता कल्पना करा. डोळस बाईला चौकट दिसते आणि ती नजर फिरवते. जिला पडदा ऐकू येतो, तिच्या बँकेच्या पानाचं वाचन मध्येच तोडून ‘तुम्ही बक्षीस जिंकलात’ सुरू होतं. कधी ती खिडकी सगळा ताबा घेते आणि बंद करायचं बटण नुसतं चित्र असल्यानं वाचलंच जात नाही. आणि ते घाणेरडे शब्द भरल्या घरात मोठ्यानं वाचले जातात.

म्हणूनच मी मघापासून कीबोर्डच्या चाव्या सांगते आहे. त्या अंध बाईला जशा उपयोगी तशाच डोळस बाईलाही. कंट्रोल-डब्ल्यू आणि ऑल्ट-एफ-४ या चाव्या फसव्या फुलीला भीक घालत नाहीत. यात अंध मैत्रिणींचा हात आपल्यापेक्षा सराईत आहे. पुढच्या वेळी शिकवायला मी नको, त्यांच्यापैकी एक उभी राहावी, असं मला वाटतं.

लोकलच्या बायकांच्या डब्यात विकायला आलेली बाई टिकल्या, पिना दाखवते. आपण मान हलवली की ती पुढं जाते. ते कष्टाचं विकणं आहे, त्यात नकाराला मान आहे. या चौकटीला नकार कळत नाही. तो तिला शिकवावा लागतो.

कुलूप कुणाच्या नावाचं?

चौकटी बंद झाल्या. आता घर पक्कं करू. पहिलं, अपडेट. कॉम्प्युटर ‘अपडेट करू का’ असं विचारतो, ते मात्र नको म्हणायचं नाही. चोर ज्या फटीतून येतो ती फट त्यात बुजवलेली असते. मात्र हे अपडेट विंडोजच्या सेटिंग्जमधूनच करायचं. एखाद्या वेबसाइटनं ‘तुमचा ब्राउझर जुना झाला’ म्हणून दिलेलं बटण दाबायचं नाही. ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी ध्यानात घ्यावं, की त्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. यंत्र चालत असेल तर विंडोज ११ घ्यावं. फारच जुनं असेल तर लिनक्स नावाची फुकट व्यवस्था जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी.

दुसरं, वेगवेगळी खाती. एका कॉम्प्युटरवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, आणि प्रत्येकाला आपला पासवर्ड ठेवता येतो. कारभारी खातं, ज्यातून नवे प्रोग्रॅम बसवता येतात, ते एकच ठेवावं आणि रोजचं काम साध्या खात्यातून करावं. मग चुकून काही दाबलं गेलं तरी ते सहजासहजी आत बसत नाही. यात आपल्या दृष्टीनं आणखी एक अर्थ आहे. भावानं काय बघितलं याचा जाब बहिणीला द्यावा लागत नाही.

तिसरं, पासवर्ड. ‘नवरा-बायकोत कसलं गुपित?’ असं आपल्याला ऐकवलं जातं. मी उलट विचारते, आईनं लिहिलेलं पत्र, मुलीची वही, बचतगटाचा हिशोब, संघटनेकडे आलेल्या बाईची तक्रार, हे सगळं घरातल्या प्रत्येकानं वाचावं का? आपल्याकडे आलेल्या बाईनं विश्वासानं सांगितलेलं आपल्या कॉम्प्युटरवर असेल, तर त्याला कुलूप लावणं ही लपवाछपवी नव्हे, ती जबाबदारी आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. तीन-चार असंबद्ध मराठी शब्द जोडले तरी चांगला होतो. मुलांची नावं आणि लग्नाची तारीख नको, ती सगळ्या नात्यागोत्याला पाठ असते. जिथं सोय आहे तिथं दोन टप्प्यांची तपासणी चालू करा.

चौथं, व्हॉट्सअ‍ॅप. मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ अशी जागा आहे. आत्ता, इथं बसल्या बसल्या उघडा. तुमचे निरोप आणखी कोणत्या कॉम्प्युटरवर दिसतात ते तिथं कळेल. अनोळखी नाव दिसलं तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं. गूगल खात्यातही ‘युवर डिव्हायसेस’मध्ये अशीच यादी असते.

पाचवं, प्रत काढून ठेवणं. २००५ चा २६ जुलै इथल्या कुणाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेही आपण पाहिलं. उल्हास नदी चढली की सामान आधी कोणतं उचलायचं हे आपण ठरवून ठेवतो. तसंच कागदपत्रांचे फोटो, हिशोब, मुलांच्या मार्कशीट यांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ती दुसऱ्या घरी, विश्वासाच्या माणसाकडे ठेवावी. विषाणूनं खाल्लं काय किंवा पाण्यानं नेलं काय, प्रत राहिली पाहिजे.

घरातलाच पहारेकरी

आता अवघड मुद्दा. मघाशी ज्या याद्या उघडायला सांगितल्या, त्यात कधीकधी परक्याचं नाव नसतं, घरातल्याचंच निघतं. नवऱ्यानं बायकोचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं, किंवा लपून पाळत ठेवणारा प्रोग्रॅम बसवलेला असतो. ‘कुणाशी बोलतेस ते मला सगळं कळतं’ असं तो म्हणतो, आणि तिला वाटतं, त्याला कुणी सांगणारं आहे. सांगणारं बरेचदा यंत्रच असतं.

जिला मारहाणीची भीती आहे, तिनं हे सापडल्याबरोबर सगळं बंद करायला धावू नये. पाळत तुटली हे त्याला लगेच कळतं, आणि तोच काळ धोक्याचा असतो. आधी आपल्या बायकांशी बोलावं, तेही त्या फोनवरून नाही, दुसरीच्या फोनवरून किंवा समोरासमोर. पडद्यावर काय दिसलं त्याचा फोटो दुसऱ्या फोननं काढून ठेवावा, तारीख-वेळ वहीत लिहावी. जायचं कुठं, मुलांचं काय, हे ठरलं की मग पासवर्ड बदलावेत, आणि तेही पाळत नसलेल्या यंत्रावरून.

कायदा काय म्हणतो तेही सांगते. एखाद्या पुरुषानं बाईच्या इंटरनेटच्या, ईमेलच्या किंवा अशा इतर संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं, हे कायद्यानं पाठलागाच्या गुन्ह्यात मोडतं. २०१३ साली दंडविधानात हे कलम आलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं ७८ वं कलम आहे. नवरा असल्याचा त्यात अपवाद केलेला नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ धरलेला आहे. कॉम्प्युटरच्या आधारे दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड कलमाखाली गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० वर लगेच फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासात कळवलं तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. जिवाला धोका असेल तर ११२.

पोलीस ठाण्यात ‘बाई, तुम्ही दाबलंच कशाला?’ असं विचारतील. हा प्रश्न आपण फार जुन्या काळापासून ऐकतो आहोत. रात्री बाहेर गेलीसच कशाला, तसाच हा. एकटी जाऊ नका, बरोबर दोघी जा.

शेवटी त्या बदलापूरच्या घराकडे येते. यादी साफ केली, चौकटी थांबल्या. वडिलांनी वायर परत कपाटात ठेवली नाही. पण त्या दिवशी मुलीनं एक गोष्ट विचारली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, “ताई, ती यादी नसती, तर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला असता का?” याचं उत्तर मला देता आलं नाही. मुलीचं खरेपण सिद्ध करायला यंत्राची साक्ष लागावी, ही खरी दुरुस्तीची जागा आहे, आणि तिला सेटिंग्जमध्ये बटण नाही. ते काम आपल्यालाच करायचं आहे.

पण जे बटण आहे ते तरी आज दाबू या. घरी जाल तेव्हा यादी उघडा. एकटीनं नाही, मुलीला, सुनेला, शेजारणीला बरोबर घेऊन. आपल्या नावानं कुणी कुणाला ‘हो’ दिलं आहे ते बघा, आणि नको असेल तिथं ‘नको’ करा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं सांगायचं, किती नावं निघाली आणि किती काढली.

एवढं बोलून थांबते. आता प्रश्न विचारा, आणि फोन हातात घेऊनच विचारा.